झेंडूचे ठिपके

बाबांच्या फोटोला मी हार घातला तेव्हा बाबा मागच्या अंगणात बसून सुपाऱ्या सोलत होते. हार झेंडूचा होता आणि मधेमधे आंब्याची पानं होती. माझ्या मनात तसलं काहीच नव्हतं. मी आपली माझं काम करत होते.

माझं काम म्हणजे वेबसाइट करणं. पनवेलच्या आमच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मी रेवदंड्यापासून आगरदांड्यापर्यंतच्या होम स्टेवाल्यांच्या साइट करते. सगळ्यांचं म्हणणं एकच असतं. ताई, मजकूर कोण वाचतंय, फोटो टाका. मग फोटो येतात. समुद्र, नारळ, पलंग, कमोड, पुन्हा समुद्र. एका गृहस्थांनी पाण्याच्या टाकीचा फोटो पाठवला होता, कारण टाकी नवी होती. एवढे फोटो एकाखाली एक रचले तर बघणाऱ्याचं बोट दुखेल, म्हणून त्यांची गॅलरी करायची. एका वेळी एक फोटो, दोन बाजूंना दोन बाण आणि खाली ठिपक्यांची रांग. जितके फोटो तितके ठिपके, ज्या ठिपक्यावर बोट ठेवाल तो फोटो समोर येतो. हे बाण आणि ठिपके तयार मिळतात. पण तयार मिळालेलं तसंच वापरायला मला जमत नाही. सासूबाई म्हणतात, हिला विकतच्या शेवेलाही घरची फोडणी द्यायची असते. तीच खोड नडली.

आमचं घर, म्हणजे माझं माहेर, अलिबागच्या खाली, समुद्रालगतच्या वाडीत आहे. बाबा शाळेत शिकवायचे. निवृत्त झाल्यावर घर मोठं वाटायला लागलं आणि रस्त्यावरून मुंबई-पुण्याच्या गाड्या जाताना दिसायला लागल्या, तेव्हा त्यांनी ओटीवरची एक खोली पाहुण्यांना दिली. मग माडीवरच्या दिल्या. बाबांना माणसं आवडतात, त्याहून जास्त म्हणजे थट्टा ऐकणारी नवी माणसं आवडतात. घरच्यांना त्यांचे सगळे विनोद पाठ आहेत. पाहुणे मात्र दर शनिवारी कोरे करकरीत येतात.

सगळ्यात शेवटी गेली ती बाळंतिणीची खोली. माजघरामागची, वाडीकडे एकच खिडकी असलेली. तिथे तुळईला पाळण्याची लोखंडी कडी आहे. त्या कडीच्या पाळण्यात मी झोपले आणि आत्याची दोन्ही मुलं झोपली. आत्या ही बाबांची एकुलती एक धाकटी बहीण. तिची दोन्ही बाळंतपणं माहेरीच झाली, त्यामुळे ती खोली तिची, हे कुणी कधी ठरवलं नव्हतं पण सगळ्यांना ठाऊक होतं. मे महिन्यात ती मुंबईहून लाँचने मांडव्याला यायची, तिथून रिक्षा करून दारात. कळवून येणं तिला माहीत नव्हतं. माहेरी कळवून कोण जातं?

चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात ती अशीच आली. शनिवार होता. बाबा फाटकापाशी उभे राहून पाहुण्यांची गाडी फणसाला न लागता आत कशी घ्यायची ते सांगत होते. आत्या रिक्षातून उतरली, बॅग खाली ठेवली आणि म्हणाली, "दादा, आले रे."

बाबांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं, भुवया वर केल्या आणि म्हणाले, "बुकिंग आहे का?"

पाहुणे खो खो हसले. एरवी आत्याही हसली असती, ती काही कमी नाही. पण तोवर तिची नजर आत गेली होती. खोलीला बाहेरून नवं दार पाडलं होतं आणि तिच्या खिडकीच्या गजांवर कुणाच्या तरी ओल्या अर्ध्या चड्ड्या वाळत होत्या.

"माझी खोली?" तिने विचारलं.

"भरलेली आहे गो. सोमवारी रिकामी होतेय."

पुढचं वाक्य बाबांच्या पोटात होतं. तोवर माजघरात झोप, वहिनीने आमरस केलाय, असं काहीतरी. पण ते पोटातच राहिलं, कारण गाडी फणसाला लागली आणि बाबा तिकडे धावले. मी ओटीवर उभी होते. आत्याने बॅग उचलून परत रिक्षात ठेवली. "मग सोमवारी बघू," असं ती म्हणाली, बहुधा स्वतःशीच. रिक्षा वळली. मी हाक मारली का? मारली असेल. मारली असती तर ती थांबली असती, हेही खरं.

तो सोमवार काही उगवला नाही. बाबा आधी म्हणाले, येईल, रागावलीय. मग म्हणाले, थट्टा कळू नये इतकी मोठी झाली का? मग काहीच म्हणेनासे झाले. आत्या घरच्या ग्रुपमधून बाहेर पडली. दिवाळीला आईला तिचा फोन यायचा. वाडी कशी आहे, गाय व्याली का, माझं कसं चाललंय, सगळं विचारायची, दादाचं सोडून. आणि बाबा तिथेच झोपाळ्यावर बसून, झोपाळा थांबवून ऐकायचे.

आता मी त्या घरची मुलगी, म्हणून मला हे जास्त लागायचं. शनिवारी मी माहेरी गेले तर माजघरात आईशेजारी गादी घालून झोपते. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगते. नवऱ्याला दोनदा सांगितलं तेव्हा तो म्हणाला, पुरे, कळलं.

लोकांच्या साइट करता करता घरची राहिली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं. गेल्या हिवाळ्यात बाबांनी टोमणा मारला, की आमच्याकडे एक वेबसाइटवाल्या बाई आहेत पण त्यांचे दर आम्हाला परवडत नाहीत. मी करायला घेतली. आणि करता करता माझ्या डोक्यात एक बेत शिजला. गॅलरीतला शेवटचा फोटो बाळंतिणीच्या खोलीचा ठेवायचा, पण पलंगाचा आणि एसीचा नाही. खिडकी, आणि वर तुळईला ती कडी. तो आत्याला पाठवायचा. बाबा बोलणार नाहीत, आत्या बोलणार नाही, मग कडीच बोलू दे. इतका हुशार बेत मला सुचला याचं मला फार कौतुक वाटलं होतं.

पहिल्यांदा साधेच ठिपके ठेवले, करडे, बारीक. लॅपटॉप ओटीवर आणून बाबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर-खाली केला. "ही मोहरी कुणी सांडली?" बाणांवर त्यांचं बोट बसेना. वाडीत काम करून बोटं जाड झालेली. आई म्हणाली, "अगं, आपल्याकडे येणारं माणूस काही ठिपके मोजायला येत नाही. दारात आल्यासारखं वाटू दे."

झालं, माझ्यातली फोडणीवाली जागी झाली. दारात आल्यासारखं म्हणजे तोरण! प्रत्येक ठिपक्याचं मी झेंडूचं फूल केलं. दोन फुलांमध्ये आंब्याचं पान. फुलावर बोट ठेवलं की ते केशरी व्हायचं आणि तो फोटो यायचा. ही रांग खाली नाही, वर, फोटोच्या दोन कोपऱ्यांना बांधलेली आणि मधे किंचित झोळलेली. लॅपटॉपच्या रुंद पडद्यावर ती इतकी शोभली की आईने दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली. बाबांनी फुलावर बोट ठेवून विहीर बघितली, दुसऱ्या फुलावर आईचे मोदक बघितले. "आता कशी शाळा सुटल्यासारखी पोरं पटापट बाहेर येताहेत," म्हणाले.

फोनवर काय दिसेल, ते मी बघितलं होतं. म्हणजे लॅपटॉपवरची खिडकी ओढून अरुंद केली आणि पहिला फोटो पाहिला. तो फाटकाचा होता. तोरण जरा जास्त खाली आलं होतं, पण फाटकावर तोरण खाली आलेलं वाईट दिसत नाही. मी लॅपटॉप मिटला. लोकांच्या साइट मी चार जणांच्या फोनवर शेवटच्या फोटोपर्यंत तपासते. घरची म्हणून नाही तपासली.

घडलं ते असं. फोनवर फुलं एका मर्यादेपलीकडे लहान करता येत नाहीत, नाहीतर त्यांच्यावर बोट बसत नाही. फुलं तेवढीच, रांग तेवढीच लांब, आणि फोनची रुंदी चार बोटं. मग लांब माळ अरुंद जागेत बांधली की ती जशी लोंबते, तशी ती लोंबली. बाकीचे फोटो आडवे होते, त्यांच्यावर ती नुसती गबाळी दिसत होती. उभा फोटो एकच होता. बाबांचा. पंचाहत्तरीला स्टुडिओत काढलेला, पांढरा सदरा, कपाळाला आईने लावलेला टिळा, नजर थेट समोर. वरच्या दोन कोपऱ्यांतून निघून झेंडूची माळ बरोबर त्यांच्या छातीपर्यंत आली होती. आपल्याकडे अशा फोटोचा अर्थ शाळेत न गेलेल्या पोरालाही विचारावा लागत नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. फोटोखाली मी ओळ लिहिली होती, "ज्यांची आठवण पाहुणे घरी गेल्यावरही काढतात, ते आमचे बाबा." फोनवर ओळ मावली नाही तर ती कापून पुढे टिंबं द्यायची, असंही मीच सांगून ठेवलं होतं. तेव्हा फोनवर एवढंच उरलं, "ज्यांची आठवण…"

शुक्रवारी संध्याकाळी मी पनवेलहून घरी पोचले आणि आत्याला साइट पाठवली. सोबत लिहिलं, "आत्या, घरचे फोटो आहेत. शेवटपर्यंत बघ."

ती शेवटपर्यंत पोचलीच नाही. शेवटच्या आधीचा फोटो बाबांचा होता.

नंतर कळलं की तिने घरच्या नंबरावर निरोप टाकला होता. "दादा कधी गेला?" पण घरचा नंबर आता बुकिंगचा नंबर आहे आणि त्याच्यावर आपोआप उत्तर जाईल अशी सोय मीच करून दिली आहे. तिला उत्तर गेलं, "चौकशीबद्दल आभारी आहोत. या शनिवार-रविवारी आमच्या सर्व खोल्या भरलेल्या आहेत."

शनिवारी दुपारी अंगणात ठाण्याच्या पाहुण्यांच्या मुलीचा वाढदिवस होता. फणसाला निळे फुगे बांधले होते, कुणीतरी स्पीकरवर गाणी लावली होती, दोघं-तिघं नाचत होती. मी ओटीवर केक कापायची सुरी पुसत होते. फाटक वाजलं. आत्या आत आली. साधं सुती पातळ, हातात नुसती पिशवी, डोळे सुजलेले. ती फुग्यांकडे बघत राहिली.

मी खूश झाले, हे लिहितानाही माझे कान तापतात. मला वाटलं, कडीने काम केलं. मी सुरी हातात घेऊनच पायऱ्या उतरले.

"दिवस तरी होऊ द्यायचेत," आत्या त्या नाचणाऱ्या माणसांना म्हणाली. "माझा भाऊ गेलाय या घरातून. कसली गाणी लावता?"

गाणं बंद झालं. पाहुण्यांचे चेहरे बघवेनात. आपण सुतकातल्या घरी सकाळी घावन मागून खाल्लं, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. वाडीत कामाला येणारी बाई पाण्याची बादली घेऊन चालली होती, ती थांबली. "काय झाला आत्याबाय? रडता कशाला? बाबा मागं हायेत, सुपारी सोलतान."

आणि बाबा आलेच, गाणं का थांबलं ते बघायला. अंगात गंजीफ्रॉक, कमरेला पंचा, हाताला सुपारीच्या सालीचे धागे. चार वर्षांनी त्यांनी बहिणीला पाहिलं ते तसं, रडताना. त्यांचा चेहरा उतरला. ते दोन पावलं पुढे आले.

"काय झालं गो? कोण गेलं?"

आत्या म्हणाली, "तू."

मग ती पायरीवर बसली. मी तिच्या हातातला फोन घेतला आणि पाहिलं. मी म्हणाले, "तोरण आहे ते, आत्या. ते तोरण आहे." याहून मूर्ख वाक्य मी जन्मात बोलले नसेन.

बाबांनी फोन मागून घेतला. बराच वेळ आपला फोटो बघितला. मला त्यांची मान ज्या बाजूला कलली त्यावरून कळलं की आता हे काहीतरी बोलणार, आणि मी मनात म्हणाले, नको, बाबा, आज नको.

"फोटो बरा आलाय," बाबा म्हणाले. "तेव्हाही हाच लावा."

कुणी हसलं नाही. पाहुणेसुद्धा. आत्याने पदराने तोंड पुसलं. "तुझी थट्टा अजून संपली नाही," ती म्हणाली. रागाने नाही, दमून. मग जरा वेळाने, "मला वाटलं, मला कळवलंसुद्धा नाहीत. भाऊ गेला हे मला फोटो सरकवताना कळावं? तेवढीही उरले नाही का रे मी या घरची?"

बाबांसारखा बोलका माणूस, पण त्यांच्याकडे एक शब्द नव्हता. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं आणि पाहायला लागलं याची मला लाज वाटली, आपण दार न वाजवता आत शिरलो की वाटते तशी.

आईने पाणी आणलं. आत्याने तांब्या हातात घेतला आणि थबकली. समाचाराला गेलेल्या घरी पाणी घ्यायचं नसतं. मग स्वतःशीच मान हलवून प्यायली. आई म्हणाली, "वन्सं, आता राहा चार दिवस." सगळ्यांनी एकदमच तिकडे बघितलं. बाळंतिणीच्या खोलीच्या दाराला त्या वाढदिवसाच्या मुलीचा फ्रॉक अडकवलेला होता.

बाबा तरातरा निघाले. ते पाहुण्यांना खोली रिकामी करायला सांगणार होते. पाहुण्यांनीही सामान उचलायला सुरुवात केली होती, बिचारी चांगली माणसं होती. आत्या उठली. "उठवू नको कुणाला," ती म्हणाली. "मी समाचाराला आले होते. समाचाराला आलेलं माणूस राहत नसतं."

तिने पिशवी घेतली, आईच्या दंडावर हात ठेवला आणि चालू लागली. 'येते' म्हणाली नाही. समाचाराहून निघताना तसं म्हणत नाहीत, तेव्हा रीतीला धरूनच होतं. बाबा फाटकापर्यंत मागोमाग गेले. तिथे उभे राहिले, तिच्या तोंडून तो शब्द येईल म्हणून. तो आला नाही.

मांडव्यापर्यंत मी तिच्याबरोबर रिक्षाने गेले. ती म्हणाली नको, तरी गेले. वाटेत मी साइट बंद करून टाकली. दोनदा चुकीचं बटण दाबलं. रिक्षात मी पंधरा प्रकारे माफी मागायची मनात तयारी केली आणि एकही तोंडातून निघाली नाही. धक्क्यावर लाँचसाठी उभ्या असताना तिनेच विचारलं, "शेवटी काय होतं गं?"

"कशाच्या?"

"शेवटपर्यंत बघ म्हणालीस ना."

"काही नाही. खोली होती."

"कुठली?"

"तुझी."

लाँच लागली. फळीवर पाय ठेवताना तिने माझ्या खांद्याचा आधार घेतला, एवढंच.

ठाण्याच्या पाहुण्यांनी नंतर आमच्याबद्दल चार चांगले शब्द लिहिले. "जेवण उत्तम, समुद्र जवळ, मालक प्रेमळ असून सुखरूप आहेत." नवरा हे वाचून इतका हसला की त्याला ठसका लागला. मी तोंड धुवायला गेले आणि मोरीचा नळ बराच वेळ चालू ठेवला. लाजेचं हेच वाईट असतं, लोकांना ती विनोदी दिसते. मी फुलं काढून टाकली. पुन्हा करडे ठिपके आले, फोटोच्या खाली, सगळ्यांसारखे. बाबांचा फोटोही काढला. बाबांनी एकदा विचारलं, "ती फुलं कुठे गेली?" मी म्हणाले, "सुकली."

त्यानंतर बाबांनी एक चमत्कारिक गोष्ट सुरू केली. बाळंतिणीची खोली कुणाला देईनात. फोन आला की सांगायचे, "माडीवरची आहे, ओटीवरची आहे. मागची? ती भरलेली आहे." आईला वाटलं, एसी बिघडला असेल. एसी धडधाकट होता. मी फेब्रुवारीत एका शनिवारी गेले, पाठ दुखत होती, माजघरातली गादी नको वाटली. बाबा अंगणात सुपारी वाळत घालत होते. मी म्हणाले, "बाबा, मागच्या खोलीत झोपू का मी? रिकामीच आहे."

"भरलेली आहे," ते वर न बघता म्हणाले.

मला आधी राग आला. पोटच्या मुलीला तेच वाक्य? मग मी जाऊन दार लोटलं. पलंगावर आईची धुतलेली जुनी चादर. एसी बंद, कारण आत्याला एसी सोसत नाही. उशाला ताडाचा पंखा आणि पाण्याने भरलेला तांब्या, वर फुलपात्र. आईने सांगितलं, दर शनिवारी सकाळी ते स्वतः तांब्या भरतात आणि रविवारी संध्याकाळी चाफ्याच्या मुळाशी ओततात. मी काय मागितलं होतं ते माझ्या लक्षात आलं. माजघरात गादी घालताना आईकडे बघायची मला हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवताना आई त्यांना म्हणाली, "अहो, तांब्या भरून काय होणार? वन्संना सांगा तरी."

"सांगून बोलवायला ती काय पाहुणी आहे?" बाबा म्हणाले आणि भात कालवत राहिले.

तेव्हा मी माझ्यापुरतं ठरवलं की आता हुशारी करायची नाही. एप्रिलच्या शेवटी पुन्हा गेले, दाराशी उभी राहिले आणि खोली जशी होती तसा तिचा एक फोटो काढला. खिडकी, पंखा, तांब्या, वर कडी. एकच फोटो, पुढे-मागे काही नाही. फुलं नाहीत, ओळ नाही. तो आत्याला पाठवला आणि फोन पालथा घालून ओटीवर ठेवला. भीती वाटत होती. ती बघेल आणि काहीच लिहिणार नाही, याची.

बाबा झोपाळ्यावर अडकित्ता घेऊन बसले होते. आई शेंगा निवडत होती. फोन वाजला. मी उचलून बघितलं आणि विचार न करता मोठ्याने वाचलं.

"बुकिंग आहे का?"

अडकित्ता थांबला. आईचा हात शेंगेवर थांबला. मी बाबांकडे बघितलं. मला वाटलं ते हसतील, त्यांचाच विनोद तर होता, व्याजासकट परत आलेला. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग गाल, मग कपाळ. शहात्तर वर्षांचा माणूस शाळेतल्या पोरासारखा खाली बघत होता.

"काय लिहू?" मी विचारलं.

"काही नको लिहू."

"बाबा…"

"माहेरवाशिणीला फोनवर आणतात का?" ते म्हणाले. "मुराळी जातो आणायला. इतकी वर्षं ती आपल्या पायाने आली, म्हणून मला ते काम कधी करावं लागलं नाही." ते उठले, आत गेले. कपाटाचं दार वाजलं. बाहेर आले तेव्हा अंगात पांढरा सदरा होता, पंचाहत्तरीचा, फोटोतला. आई एकदम बघून दचकली आणि मग काही न बोलता त्यांची कॉलर नीट करायला लागली.

ते पायरीवर बसून चपला घालत होते. लाँच किती वाजता आहे ते त्यांनी मला विचारलं, मी सांगितलं. चप्पल घालून झाली तरी ते उठेनात. पायांकडेच बघत होते.

"तू येशील का गो माझ्याबरोबर?" बाबा म्हणाले. "मला एकट्याला तिच्यापुढे उभं राहायची लाज वाटते."

मी म्हणाले, "मलापण वाटते." मग आम्ही दोघं फाटकाबाहेर रिक्षाची वाट बघत उभे राहिलो.